राजाची आण

“वर्कनेश, आज दिवसभर मला तुझा आवाज लागणार आहे,” अतो गोशू म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या गुत्त्यातल्या एकुलत्या एका धड स्टुलावर बसला.

मी जवाची दारू गाळत होते. बाजारचा दिवस होता, आणि दारावरच्या काठीला पालथा पेला अडकवायचासुद्धा बाकी होता. आमच्याकडे पेला दिसला की गिऱ्हाइकानं समजायचं, दारू तयार आहे. हा माणूस पेल्याआधीच आत शिरला होता.

“नुसता आवाज?” मी म्हटलं. “सगळीच न्या की.”

“सगळी परवडायची नाहीस,” तो म्हणाला.

अतो म्हणजे राव. लढाईच्या आधी गोशूरावांना आमच्या गावात खरंच मान होता. ते वकील होते, आणि आमच्या इथिओपियात वकिलाचं बोलणं ऐकायला माणसं शेतं सोडून येत. मग इटलीचं सैन्य आलं, राजा समुद्रापलीकडे गेला, न्यायाधीश डोंगरात गेले किंवा मातीत गेले, आणि गोशूराव फिरंगी कप्तानाचे दुभाषी झाले. त्या दिवसापासून त्यांचं ‘राव’ फक्त आमच्या तोंडात राहिलं, मनातून गेलं. अंगावरची पांढरी शाल मात्र तशीच स्वच्छ होती. तिच्याखाली आता फिरंग्यांचे बूट आले होते.

“कप्तानाला पक्की खबर आहे,” तो म्हणाला. “दर बाजाराला डोंगरातला एक माणूस इथं येतो, आणि गाढवावर काडतुसं लादून नेतो. नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही. गाढववाले तर बाजारात मुंग्यांसारखे. कप्तान म्हणत होता, सगळ्यांना रांगेत उभं करतो आणि दहातला एक उडवतो, उरलेले आपोआप बोलतील. मी म्हटलं, गोळ्या कशाला फुकट घालवता? मला एक मोठ्या आवाजाची बाई द्या.”

माझ्या हातातलं फडकं मडक्याच्या तोंडावर तसंच राहिलं. परसात कडू पाल्याचा ढीग होता, दारूत घालतात तो. त्या ढिगाखाली एक पोतं होतं. फिरंग्यांनी हत्यारं जमा करायला लावली तेव्हा लोकांनी बंदुका दिल्या, पण काडतुसं पुरून ठेवली. आमच्या बाजारात पूर्वी काडतूस चिल्लर म्हणून चालायचं. तेव्हा कुणी पेलाभर दारू पिऊन मुठीतून मला एखादं काडतूस दिलं तर त्यात नवल काहीच नव्हतं. नवल एवढंच होतं, की मी ती परत खर्चत नव्हते.

आणि ते पोतं न्यायला जो यायचा, तो दमिसे. माझा धाकटा भाऊ. माझा नवरा माइचेवच्या लढाईत विमानातून पडलेल्या विषानं गेला, वडील त्याच वर्षी हाय खाऊन गेले. माझं म्हणायला जगात एवढं एकच माणूस उरलं होतं. तो पहाटेच बाजारात शिरला होता, कांदे विकायला बसला होता, आणि ऊन डोक्यावर आलं की परसातून पोतं उचलून जाणार होता. आम्ही एकमेकांशी बोलतसुद्धा नसू.

“मी काय करायचं?” मी विचारलं. आवाज सरळ निघाला याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

“आण घालायची.”

“कुणाची?”

“कुणाची म्हणजे? राजाची.”

मी दाराकडे बघितलं. हा शब्द माझ्या घरात दोन वर्षांत उच्चारला गेला नव्हता.

आमच्या मुलखाची ही जुनी रीत. कुणाचं कुणावर काही म्हणणं असलं, की भर रस्त्यात त्याचं नाव घेऊन, नाव ठाऊक नसलं तर नुसती हाक मारून, राजाची आण घालायची. ज्याला घातली तो जागच्या जागी थांबणार. मग दोघं आपापल्या शालीच्या टोकांची एकमेकांत गाठ मारणार आणि तसेच जोडीनं न्यायाधीशाकडे जाणार. न्यायाधीश लांब असला, तर वाटेनं जाणारा कुणी शहाणा दिसणारा माणूस धरून त्याच्यापुढं बसणार. शिपाई नको, बेडी नको. आण घातली तर वाहतं पाणीसुद्धा थांबतं, अशी आमच्यात म्हणच आहे. फिरंग्यांनी आल्या आल्या दवंडी पिटवली, की राजाच्या नावाची आण घालणारा आणि तिला थांबणारा, दोघंही बंडखोर. लोकांना वाटलं, नुसतं बोलतात. पुढं एका शेळीवरून दोघा सख्ख्या भावांचं भांडण झालं, थोरल्यानं आण घातली, धाकटा थांबला. दोघांनाही बाजारातल्या उंबराला टांगलं. शेळी शिपायांनी खाल्ली.

“म्हणून तर,” गोशू सांगत होता, आणि जुन्या दिवसांसारखा बोटं हलवत होता. “तुम्ही गावातली माणसं शिकलात. आण कानावर आली की मान खाली घालता आणि पाय उचलता. पण डोंगरात अजून राजाचंच राज्य आहे. तिथं रोज भांडणं होतात, रोज आण पडते, रोज माणसं थांबतात. त्याचं डोकं जागं व्हायच्या आत त्याचा पाय थांबेल. जो थांबला तो आपला माणूस. पुरुषानं ओरडून चालणार नाही, संशय येईल. बाई आपली मडकं फुटलं म्हणून ओरडतेय, कुणाला काय वाटायचंय?”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर कप्तान विचारील, का नाही? आणि मला त्याचं भाषांतर करावं लागेल.”

“चुलीवर पाणी मारून येते,” मी म्हटलं आणि परसाकडे वळले.

“चूल कुठं पळून जात नाही,” गोशू म्हणाला. तो उठून दारात उभा राहिला होता. “मडकं घे आणि चल.”

बाजाराला तारेचं कुंपण होतं आणि बाहेर पडायला एकच वाट. ती टेकडीला वळसा घालून खाली ओढ्यावर उतरते. वळणावर बसलं की बाजाराचा गलबला ऐकू येत नाही, आणि तिथलं काही बाजारात ऐकू जात नाही. गोशूनं जागा बरोबर हेरली होती. जो माणूस वळण पार करून ओढा ओलांडेल तो घराच्या ओढीनं पुढंच जाणार, मागं जाऊन कुणाला सांगणार नाही.

मी वाटेच्या कडेला मडकं मांडून बसले. गोशू शेजारी दगडावर, हातात पेला घेऊन, माझं गिऱ्हाईक असल्यासारखा. वरच्या अंगाला निलगिरीची झाडं होती, त्यांच्यामागं कप्तान आणि त्याचे शिपाई. ते शिपाई लिबियाच्या वाळवंटातून आणलेले होते. त्यांना आमची भाषा येत नव्हती, आणि कप्तानाला ‘ये’, ‘जा’ आणि ‘अंडी’ एवढंच येत होतं. आमच्या आणि त्यांच्यामध्ये गोशू एकटा होता.

पहिला आला तो लाकडाची मोळी विकून परतणारा तरुण. गाढव मोकळं, तोंडात गाणं. तो पुढं गेल्यावर गोशूनं मला कोपर मारलं.

“ए बाबा, राजाची आण! थांब! माझं मडकं फोडून चाललास!”

गाणं तोंडातल्या तोंडात मेलं. मान खांद्यांत गेली आणि तो एवढ्या लगबगीनं चालायला लागला की गाढवच मागं राहिलं.

“ही आण होती की अंगाई?” गोशू म्हणाला. “तुझा नवरा शेतात असायचा तेव्हा तू जेवायला हाक मारलीस की आमच्याकडची कुत्री उठायची. तशी मार.”

दुसऱ्याला मारली, तिसऱ्याला मारली. कुणी थांबलं नाही. एकाचा पाय जरासा अडखळला, पण त्यानं अडखळणं दगडावर ढकललं आणि वाकून अंगठा चोळत निघून गेला. ज्या शब्दासाठी माणसं फासावर गेली, तो मी जाळ्यातल्या दाण्यासारखा वाटेवर टाकत होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, माणसं तो न टिपता पुढं जात होती तेव्हा मला बरं वाटत होतं. आपली माणसं आपला राजा विसरली म्हणून मी देवाचे आभार मानत होते.

मग एक म्हातारा आला. पाठीला बाक, गाढवावर मिठाच्या दोन विटा. मी ओरडले. म्हातारा थांबला. नुसता थांबला नाही, वळला, आणि शालीचं टोक शोधायला लागला, गाठ मारायला.

शिपाई झाडांतून धावत आले. कप्तान मागून सावकाश आला. म्हातारा त्यांच्याकडे बघून म्हणाला, “सवयीनं थांबलो रे लेकरांनो. सवयीनं.”

गोशू उठला, कप्तानाशी दोन-तीन वाक्यं बोलला. कप्तान हसला आणि म्हाताऱ्याच्या गाढवाला त्यानं छडीनं टोचलं. म्हातारा निघाला.

“काय सांगितलंत?” मी विचारलं.

“ठार बहिरा आहे म्हणून. दम खायला थांबला होता.”

“बहिरा? आण ऐकून थांबलेला?”

“फिरंग्याला काय कळतंय?” तो परत दगडावर बसला. “मला म्हाताऱ्यांची शिकार नको आहे, वर्कनेश. मला तो एक हवा आहे. तो मिळाला की कप्तान गप्प बसेल आणि आपण सगळे सुखानं झोपू.”

ऊन चढत होतं. काही वेळ कुणी आलं नाही. गोशूनं बूट काढले, पाय चोळले. त्या बुटांनी त्याला फोड आले होते, आणि मला त्याचा आनंद झाला.

“मी जन्मात कधी आण मोडली नाही,” तो एकाएकी म्हणाला. “स्वतःच्या लग्नाला निघालो होतो. खेचरावर बसून, पुढं वाजंत्री. वाटेत एका हलकटानं आण घातली, बांधाच्या भांडणावरून. उतरलो. गाठ मारली. नवरी तिकडं वाट बघतेय आणि मी न्यायाधीशापुढं बांध मोजतोय. लग्न दुसऱ्या दिवशी लागलं. सासरा मरेपर्यंत बोलला नाही.”

“मग आता?” मी म्हटलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडाला कुठं लगाम होता माझ्या? “आता हे काय करताय?”

तो बूट परत चढवायला लागला. एका पायात चढवून झाल्यावर म्हणाला, “आता न्यायाधीश कुठं आहे? बोलणाऱ्या माणसाला ऐकणारा लागतो, वर्कनेश. नाही तर त्याची जीभ सडते. कप्तान ऐकतो.”

त्याची कीव यावी असं ते बोलणं होतं. पण मला वेळ नव्हता. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि मला दमिसे आठवत होता. मोठा झालेला नव्हे, लहानपणचा. आमचे वडील माझ्या माहेरगावचे मुखिया, घरात आणेचं फार. एकदा खेळताना मी गंमतीनं त्याला आण घातली आणि आईनं हाक मारली म्हणून घरात पळाले. विसरून गेले. गारांचा पाऊस आला. गारा थांबल्यावर बाहेर येऊन बघते तर दमिसे अंगणाच्या मध्यावर तसाच उभा, कपाळावर टेंगूळ, आणि रडतोय. सगळ्यांनी मला धोपटलं. वडिलांनी मात्र त्याला खांद्यावर घेतलं आणि गावभर मिरवलं. अशा पोराचा पाय थांबणार नाही? आणि तोही माझ्या आवाजाला?

मी डोकं खाजवत होते, उपाय सुचत नव्हता. खोकायचं? डोळा मारायचा? गोशू माझ्या तोंडाकडे मधूनमधून बघत होता, आणि वकिलाची नजर चुकवणं सोपं नसतं. आवाज बसल्याचं सोंग करावं, तर मघाशीच मी कुत्री उठवणारी हाक मारून बसले होते. दमिसेनं परसातला ढीग उकरला असेल, पोतं लादलं असेल, फाटकातून बाहेर पडला असेल. मी घरात नाही हे बघून त्याला काही वाटलं असेल का? पण त्याला तरी दुसरी वाट कुठं होती?

तो वळणावर आला.

राखी रंगाचं गाढव, त्यावर पाल्याचं पोतं, वर कांद्याच्या रिकाम्या टोपल्या. दमिसेनं मला बघितलं. एका क्षणापुरता त्याचा चेहरा कोरा झाला. मग नजर ओढ्याकडे वळवून तो आमच्यासमोरून गेला. इतका जवळून, की त्याच्या अंगाचा कांद्याचा वास मला आला.

गोशूनं मला कोपर मारलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मग दमिसेच्या पाठीकडे बघायला लागला. खांद्यांच्या ठेवणीवरून माणूस ओळखू येतो, आणि आमच्या घराचे खांदे एका वळणाचे आहेत.

“आता,” तो हळूच म्हणाला. “मोठ्यानं.” आणि नीट दिसावं म्हणून दगडावरून उठून स्वतःच दमिसेच्या मागं चालायला लागला.

मी उभी राहिले. काय करणार आहे ते मला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं. माणूस विहिरीत पडताना जे हाताला लागेल ते धरतो, तसं मी समोर दिसलं ते नाव धरलं.

“गोशू! राजाची आण! थांब!”

आणेत अहोजाहो नसतं.

गोशू थांबला. एक पाय पुढं, एक मागं, टाच नुकतीच उचललेली. त्याची पाठ मला दिसत होती, आणि तिच्यावर पांढऱ्या शालीची एकही चुणी हलत नव्हती.

दमिसे चालत राहिला. आण दुसऱ्याच्या नावावर पडली होती, त्याचा पाय मोकळा होता. तो पाण्यात उतरला. आणि त्या मेल्या गाढवानं ओढ्याच्या मध्यावर मान खाली घातली आणि पाणी प्यायला सुरुवात केली. दमिसेनं दोरी ओढली. गाढव हलेना.

झाडांतून शिपाई बाहेर आले. कप्तान आला. थांबलेला माणूस कोण आहे हे बघून आधी तो हसला, मग हसायचा थांबला. त्यानं गोशूला काहीतरी विचारलं. गोशू वळला आणि माझ्यापाशी आला, अगदी हातभर अंतरावर, आणि आमच्या भाषेत म्हणाला, “दावा काय आहे?”

मला त्याचा अर्थ लगेच कळला नाही.

“आण घातलीस. मी थांबलो. दावा काय ते ऐकायचा माझा हक्क आहे. बोल.”

सगळे आमच्याकडे बघत होते. कप्तान, शिपाई, वळणावर आलेल्या दोन बायका. गाढव पाणी पीत होतं. खोटं बोलायचं मनात आलं, मडक्याचं सांगावं, पण त्याच्या तोंडाकडे बघून जीभ वळली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मला समोर वकील दिसत होता. आणि त्याला कळलेलंच होतं, त्याच्यापासून लपवायचं तरी काय राहिलं होतं?

“ओढ्यात उभा आहे तो माझा धाकटा भाऊ आहे,” मी म्हटलं. “माझं दुसरं कुणी नाही. त्याला जाऊ दे. हा माझा दावा.”

बोलून झालं. मी मडक्याला धरून खाली बसले. त्या सगळ्या माणसांत माझं बोलणं ज्याला कळलं असा एकच पुरुष तिथं होता, आणि मी माझ्या हातानं माझा भाऊ त्याच्या पदरात टाकला होता.

गोशूनं ओढ्याकडे बघितलं. दमिसे गाढवाला मागून ढकलत होता.

कप्तानानं पुन्हा विचारलं, या वेळी जोरात, छडी माझ्याकडे रोखून. ती काय म्हणते, हेच तो विचारत होता. तेवढं न शिकताही कळतं.

गोशू सरळ उभा राहिला. शाल खांद्यावर नीट केली, न्यायाधीशापुढं उभं राहताना करायचा तशी. आणि म्हणाला, “दीचे के सोनो इओ.”

कप्तानाच्या कपाळाला आठी पडली. त्यानं काहीतरी म्हटलं. गोशूनं तेच शब्द परत म्हटले, मोठ्यानं, एकेक वेगळा करून. दीचे. के. सोनो. इओ.

संपलं, असं मला वाटलं. आता शिपाई ओढ्याकडे धावतील. मी डोळे मिटून घेतले आणि ते चार शब्द माझ्या कानात खिळ्यासारखे गेले, कारण त्यांत माझ्या भावाचं मरण होतं.

पावलं वाजली, पण ओढ्याच्या दिशेनं नाही. डोळे उघडले तर शिपायांनी गोशूचे हात मागं पिरगळले होते. कप्तानाचं तोंड लाल झालं होतं. तो ओरडत होता, आणि गोशू त्याच्याकडे बघत नव्हता. तो पायांकडे बघत होता, अजून आपण त्याच जागेवर आहोत ना हे तपासल्यासारखा. त्याला ओढून नेऊ लागले तेव्हा त्याच्या एका पायातला बूट निघाला आणि वाटेवरच राहिला.

ओढ्यात गाढवानं मान वर केली, कान झटकले आणि पलीकडचा चढ चढायला लागलं. दमिसेनं एकदाही मागं बघितलं नाही.

गोशूला ट्रकमधून नेलं ते परत आला नाही. मला कुणी हात लावला नाही. उलट दोन दिवसांनी एक शिपाई माझ्या दारात साखरेचा मोठा पुडा ठेवून गेला, कप्तानाकडून. ही साखर कशाची, ते मला कळेना. भीतीनं मी ती खाल्ली नाही आणि फेकलीही नाही. मुंग्यांनी खाल्ली.

पुढं राजा परत आला, फिरंगी गेले. गोशूची गोष्ट आमच्या गावात चवीनं सांगितली जाऊ लागली. दुसऱ्यासाठी खड्डा खणला आणि स्वतःच पडला. कप्तानाला सांगून बसला होता, थांबेल तोच बंडखोर, आणि सवयीनं स्वतःच थांबला! माझ्या गुत्त्यात तर ही गोष्ट रोज कुणी ना कुणी सांगे, माझ्याकडे बघून पेला उंच करी, आणि सगळे खो खो हसत. मीही हसे. मला तरी वेगळं काय माहीत होतं? त्या चार शब्दांत त्यानं काहीतरी सबब सांगितली असेल, कप्तानाला ती पटली नसेल, एवढंच मी धरून चालले होते.

गोशूची बायको गावाबाहेर राहायला गेली. फितुराची बायको म्हणून लोकांनी तिचं दार मोडलं होतं. बायका तिला चुलीसाठी निखारा देत नसत. पाणवठ्यावर ती आली की आम्ही मडकी बाजूला घ्यायचो.

बर्तोलो नावाचा एक फिरंगी मात्र गेला नाही. त्यानं आमच्यातली बायको केली होती, आणि पिठाच्या गिरणीचं इंजिन त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. आमची भाषा तो मोडकी पण धीटपणे बोले. एका दुपारी तो गुत्त्यात आला. दमिसेही आला होता, धाकट्या मुलाला घेऊन. त्याच्या मांडीवर ते पोर भाकरीचा तुकडा चघळत बसलं होतं. कुणीतरी गोशूची गोष्ट काढली, हसणं झालं. बर्तोलो हसला नाही, त्याला गोष्ट माहीत नव्हती. त्याला समजावून सांगता सांगता माझ्या मनात आलं, हा तर त्यांच्यातलाच.

“एक विचारू?” मी म्हटलं. “दीचे के सोनो इओ. याचा अर्थ काय होतो?”

“कोण म्हणालं?”

“तू अर्थ सांग.”

त्यानं पेला खाली ठेवला. “सोपं आहे. ‘ती म्हणते, तो मीच.’”

“पुन्हा सांग.”

“ती म्हणते, तो माणूस मीच आहे.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “काय झालं, वर्कनेश? कोण ती? कोण माणूस?”

ती मी होते. कप्तानानं साखर कुणाला पाठवली आणि का, ते मला त्या क्षणी कळलं. बंडखोर पकडून देणाऱ्या बाईला ती पाठवलेली होती. त्या एका वाक्यात गोशूनं दमिसेला ओढा ओलांडू दिला होता आणि मलाही घरी पाठवलं होतं.

गुत्त्यात अजून हसणं चालू होतं. दमिसे पोराच्या तोंडात भाकरीचा दुसरा तुकडा देत होता.

मी चुलीतले फुललेले निखारे खापरात काढले, वर राख घातली. मग दारावरचा पेला उतरवला आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

“काय झालं, ताई?” दमिसे म्हणाला.

“ऊठ,” मी म्हटलं. “पोराला घे. गोशूरावांच्या घरी जायचंय.”